तिसरी चावी

करंटताईला लोक बोलवायचे ते सगळे उपाय थकल्यावर. आधी शेजारी बॉनेट उघडून बघणार, मग मेहुणा धक्का मारणार, मग कोणीतरी शहाणा बॅटरीवर गरम पाणी ओतणार, आणि एवढं हात दाखवून अवलक्षण झालं की मग तिचा नंबर शोधला जायचा. म्हणून रविवारी दुपारी फोन आला तेव्हा तिने पहिला प्रश्न तोच केला, "कोणी कोणी हात लावलाय?"

"कोणीच नाही," पलीकडची बाई म्हणाली. "शोरूमवाल्यांनी काल सर्व्हिसिंग करून दारात आणून सोडली. तेव्हा धावत आली. आज सकाळपासून चालू होते, एक क्षण राहते आणि जीव सोडते."

लक्षणं इतकी नेमकी सांगणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. करंटताईने जेवणाचं ताट तसंच झाकलं, स्कूटरच्या डिकीत हत्यारांची पेटी आणि गाडीचा बिघाड वाचणारा स्कॅनर टाकला आणि निघाली.

ती एका शोरूममध्ये अकरा वर्षं वायरिंगचं काम करत होती. पहिल्याच आठवड्यात तिने चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरीला हात लावला आणि जी मागे उडाली ती थेट मॅनेजरच्या मांडीवर जाऊन बसली. तेव्हापासून खरं नाव गेलं आणि हे उरलं. पुढे तिथलं सोडून ती घरोघर जाऊन बंद गाड्या बघू लागली. लोक तिला काय काय सांगायचे. गाडीचा हॉर्न बारा वाजता आपोआप वाजतो, स्मशानाजवळ दिवे मंदावतात. तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "भूतबित काही नसतं, अर्थिंग खराब असतं." आणि तसंच निघायचं. हॉर्नच्या गाडीत उंदराने वायर कुरतडलेली होती.

पत्ता एका काचेच्या दुकानाचा होता. खाली दुकान, वर घर, बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये गाडी. रविवार म्हणून दुकान बंद होतं, पण एक फळी उघडी होती आणि आत भिंतीला टेकून उभे केलेले आरसे दिसत होते. शेड त्यांत सहा-सात ठिकाणी दिसत होती, प्रत्येक ठिकाणी जराशी तिरकी.

बाई पंचावन्नच्या आसपासची, ताठ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. गल्लीत लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणायचे. दुकानाच्या दारात एक पुरुष उभा होता, पन्नाशीचा, हातांवर काचेचे बारीक पांढरे वण. तो तिचा दीर. पन्नास वर्षांचा झाला तरी त्याला अजून धाकटा म्हणूनच ओळखायचे. त्याने मान हलवून नमस्कार केला, पण उंबरठा सोडला नाही.

"गाडी किती वर्षांची?"

"पंधरा," वहिनी म्हणाली. "आमच्या ह्यांनी घेतलेली. ते गेले त्याला अकरा वर्षं झाली. शोरूमला दर वर्षी नेमाने जाते. आजवर कधी दगा दिला नाही हिने."

करंटताईने दार उघडलं आणि बसली, तर पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट पार मागे सरकवलेली होती.

"शोरूमचा ड्रायव्हर उंच होता वाटतं?"

वहिनीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "आणून देणारी मुलगी होती. माझ्या खांद्याला लागेल एवढी. सकाळपासून मी दोनदा सीट पुढे घेतली."

सर्व्हिसिंगमध्ये सीटखाली झाडू मारताना खाचेत कचरा अडकतो, मग सीट धरत नाही. हे करंटताईने शंभरदा पाहिलं होतं. तिने सीट पुढे ओढली, खटकी कट्कन बसली. पुढे-मागे गदागदा हलवून पाहिली. हलली नाही. खटकी उत्तम होती. 

पायाखालची चटई ओली होती. हेही नेहमीचंच, धुताना पाणी जातं. एसीचं पाणी आत गळतं म्हणावं तर ते या गाडीत डाव्या बाजूला गळतं, ड्रायव्हरच्या पायाशी नाही. तिने चटई उचलून वास घेतला. साबणाचा वास यायला हवा होता. येत होता तो साचलेल्या पाण्याचा, शेवाळाचा, थंड.

"खिडकी रात्री उघडी होती का?"

"नाही."

चावी फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, इंजिन लागलं, एक सेकंद चाललं आणि मेलं. डॅशबोर्डवर चावीचं लाल चित्र भराभर लुकलुकत राहिलं.

आता ती पद्धतशीर कामाला लागली. सर्व्हिसिंगनंतर गाडी बंद पडली की लोक डोळे मिटून म्हणतात, शोरूमवाल्यांनी पार्ट बदलला, लुबाडलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. खरं कारण बहुतेक वेळा एखादी सैल पिन असते. बॅटरी तपासली, ठणठणीत. टर्मिनल घट्ट. फ्यूज एकेक काढून बघितले, सगळे शाबूत. इंजिन धुतलं असेल तर कनेक्टरमध्ये पाणी राहतं, म्हणून तेही उघडले. कोरडे. सगळ्या गाडीत ओलं काय तर ती एक चटई. पेट्रोलचा पंप ऐकला, बरोबर गुणगुणत होता. म्हणजे गाडीच्या अंगात काही बिघाड नव्हता. गाडी ओळख देत नव्हती, एवढंच.

"काय झालंय?" वहिनीने विचारलं.

"सांगते. तुमच्या चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. चावी लावता तिथे भोवती एक रिंग असते, ती चिप वाचते. ओळखीची असली तर इंजिन चालू ठेवते, नाहीतर सेकंदात बंद करते. हिला तुमची चावी कळत नाहीये. दुसरी आहे का घरात?"

वहिनीने वर जाऊन दुसरी आणली. तिनेही तेच. एक सेकंद, आणि मरण.

करंटताईने स्कॅनर जोडला. पडद्यावर कारण आलं आणि तिने सुटकेचा श्वास टाकला, कारण हेही तिला माहीत होतं. रिंगला एकाच वेळी दोन चिपा दिसत होत्या. लोक दोन्ही चाव्या एकाच जुडग्यात अडकवतात, मग रिंग गोंधळते, दोन माणसं एकदम बोलली की कान गोंधळतो तशी.

"दुसरी चावी तुमच्या हातात आहे ना? लांब जा बरं जरा."

वहिनी शेडच्या टोकाला गेली. तरी दोन. करंटताईने मग स्वतःच पहिलीही चावी काढली आणि दोन्ही घेऊन दुकानात गेली, धाकट्याच्या समोर काउंटरवर ठेवल्या, आणि वीस पावलं चालत परत गाडीत येऊन बसली. चावीच्या भोकात काही नव्हतं. शेडमध्ये चावी नव्हती.

पडद्यावर ओळ होती: चावी आहे.

तिने स्कॅनर बंद करून पुन्हा चालू केला. चावी आहे.

दुपारचे चार वाजलेले, बाहेर लख्ख ऊन, समोरच्या घरात कोणीतरी कपडे आपटत होतं. तरीही करंटताईच्या मानेवरून काहीतरी सरकत गेलं. तिने खिडकीतून विचारलं, "वहिनी, या गाडीला एकंदर चाव्या किती?"

"दोनच. म्हणजे, होत्या तीन." वहिनी जवळ आली. "तिसरी ह्यांच्याबरोबर गेली. दोघं भाऊ गावाबाहेरच्या खाणीवर गेले होते, जुनी दगडाची खाण, पाणी भरलेली. हे पोहायला उतरले. चावी खिशातच होती. हे सापडले दुसऱ्या दिवशी, चावी नाही सापडली. गाडी घरच्या चावीने आणावी लागली. मग शोरूमने ती तिसरी रद्द केली."

"वहिनी, आता ते कशाला?" दुकानाच्या दारातून धाकटा म्हणाला. त्या दुपारचं त्याचं हे पहिलं वाक्य.

करंटताईने स्कॅनरवर चाव्यांची यादी उघडली. नोंद दोनच चाव्यांची होती. तिसरी पुसलेली होती, अकरा वर्षांपूर्वीच्या तारखेला.

"चिप कुठूनतरी पडली असेल आत," ती म्हणाली, जरा मोठ्याने, स्वतःला ऐकू जावं म्हणून. "उघडून बघते."

स्टिअरिंगखालच्या टोपणाला तीन स्क्रू असतात. त्यांच्या डोक्यांवर कारखान्यातला पिवळ्या रंगाचा ठिपका असतो, स्क्रू फिरवला की तो तडकतो. तिने विजेरी धरली. तिन्ही ठिपके अखंड होते. हे टोपण शोरूमने उघडलं नव्हतं. कोणीच, कधीच उघडलं नव्हतं. तिने स्क्रू सोडवले, ठिपके तडकले, टोपण हातात आलं.

आत, रिंगला अगदी चिकटून, एक चावी होती.

तिने ती दोन बोटांनी ओढून काढली. चावी थंड होती, आणि तिच्या खाचांतून पाणी निघून करंटताईच्या तळहातावर आलं. काळसर, गाळाचं पाणी. ते मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेलं.

आयुष्यभराची सवय म्हणून तोंडातून विनोदच बाहेर पडला. "घ्या! काखेत कळसा नि गावाला वळसा. तुमची तिसरी चावी गाडीतच होती की."

कोणी हसलं नाही. वहिनीने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि चावी हातात घेतली. तिच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी दातांचे खड्डे होते.

"काच उचलायची असली की दोन्ही हात अडकायचे," ती हळू म्हणाली. "मग हे चावी दातांत धरायचे. मी किती रागवायचे."

धाकटा उंबरठा सोडून आला होता. गाडीजवळ तो त्या दुपारी पहिल्यांदाच आला. तो चावीकडे बघत होता.

"ही ती नाही," तो म्हणाला.

"हीच आहे भाऊजी. दात बघा."

"ही ती असू शकत नाही. वहिनी, ती इथे कशी येईल? ती मी स्वतः..." तो थांबला.

समोरच्या घरातलं कपडे आपटणं कधी थांबलं ते करंटताईला कळलं नव्हतं. ती गाडीत अर्धी आत, अर्धी बाहेर, हातात टोपण घेऊन तशीच राहिली. आपण इथे नसायला हवं, हे तिला समजत होतं. पण हलणं त्याहून वाईट दिसलं असतं.

"पुढे बोला," वहिनी म्हणाली.

"ती मी पाण्यात फेकली."

"खिशात होती म्हणालात."

"खोटं बोललो." धाकटा गाडीला टेकला, मग चटका बसल्यासारखा बाजूला झाला आणि शेडच्या फरशीवर बसला. "दादाने त्या दिवशी मला तिथे नेऊन सांगितलं, की त्याला दुसऱ्या शहरात काचेच्या कारखान्यात नोकरी लागलीय. पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं जाणार. दुकान तू ठेव म्हणाला. मी म्हटलं, मला एकट्याला नको दुकान. तो हसला. मला म्हणाला, किती दिवस माझं शेपूट धरून राहणार आहेस? चावी बॉनेटवर ठेवलेली होती. मी उचलली आणि फेकली. म्हटलं, आता जा कसा जातोस ते." त्याने तोंडावर हात घेतला. "एकोणचाळीस वर्षांचा होतो मी, वहिनी. आणि लहान पोरासारखी चावी फेकली."

"आणि ते काढायला उतरले."

"हो."

वहिनीने चावी मुठीत धरली होती. तिच्या मुठीतून अजून एकेक थेंब फरशीवर पडत होता.

"अकरा वर्षं," ती शेवटी म्हणाली, "मला वाटत होतं तुम्ही ढकललंत."

धाकट्याने मान वर केली.

"तुम्ही सांगताना माझ्याकडे बघत नव्हतात. खिशात चावी, खिशात चावी, असं तीनतीनदा सांगत होतात. मला तेव्हाच कळलं की खोटं आहे, फक्त काय खोटं आहे ते कळलं नाही. मग मीच ठरवून टाकलं. आणि राहिले. माझी बहीण बोलवत होती, ये म्हणून. नाही गेले. म्हटलं, एक ना एक दिवस हा माणूस तोंड उघडेल, तेव्हा मी समोर असायला हवी. रोज सकाळ-संध्याकाळ तुम्हाला जेवायला वाढलं आणि वाढताना दर वेळी तुमचे हात बघितले."

"वहिनी..."

"तुम्हाला हवं तेच झालं की भाऊजी. कोणी कुठे गेलं नाही."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं करंटताईला वाटलं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली.

मग ती करंटताईकडे वळली. "आता होईल का गाडी चालू?"

करंटताईने टोपण बसवलं, काउंटरवरून नेहमीची चावी आणली. वहिनी ती ओली चावी घेऊन लांब, दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि चालत राहिलं. बिघाड सापडला होता, गेला होता. करंटताईला वाटलं, आता पेटी भरावी आणि निघावं.

"आता हिने लावा," वहिनी परत येऊन म्हणाली आणि दातांच्या खड्ड्यांची चावी पुढे केली.

"ही नाही लागणार वहिनी. ही पुसलेली आहे. सेकंदभर चालेल आणि बंद पडेल."

"लावून तर बघा."

चावी भोकात गेली तेव्हा आत गाळ कुरकुरला. इंजिन लागलं. करंटताई मनात मोजू लागली. एक. दोन. पाच. दहा. पंधरा. डॅशबोर्डवर लाल चित्र लुकलुकलंसुद्धा नाही. इंजिन एका लयीत, मऊ चालत होतं, नेहमीच्या चावीवर चाललं त्याहून मऊ. स्कॅनरच्या यादीत दोनच चाव्या होत्या आणि ही त्यांतली नव्हती.

"खाणीवर जायचंय मला," वहिनी म्हणाली. "आत्ता माझ्याने चालवणं होणार नाही. तुम्ही न्याल?"

नाही म्हणायला करंटताईकडे शंभर कारणं होती. तिने एकही सांगितलं नाही. ती आत बसली आणि सीट पुढे ओढली. ती पुन्हा पार मागे गेलेली होती. ती केव्हा गेली, हा विचार तिने केला नाही. धाकटा न बोलवताच मागच्या सीटवर येऊन बसला होता, हात गुडघ्यांवर, शाळेतल्या पोरासारखा.

रस्ता कोणी कोणाला विचारला नाही. घरं संपली, मग गोदामं संपली, मग पांढऱ्या धुळीचा कच्चा रस्ता लागला. गाडी खड्ड्यांतून जात होती, पण स्टिअरिंग करंटताईच्या हातात हलकं होतं, फार हलकं. वळण तिला दिसायच्या आधीच चाक वळायला लागे, असं तिला दोनदा वाटलं. पॉवर स्टिअरिंगचं तेल नवीन भरलंय, ती मनात म्हणाली. मग आठवलं, या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही.

खाण म्हणजे जमिनीत कापलेला मोठा चौकोन, तीन बाजूंना दगडाच्या उभ्या भिंती, चौथ्या बाजूला उतार. पाणी हिरवट काळं, एक तरंग नाही. वाराही नव्हता. करंटताईने गाडी बंद केली, चावी वहिनीच्या हातात दिली आणि स्वतः गाडीपाशीच थांबली. पण त्या खड्ड्यात साधा उच्चारलेला शब्दही भिंतींवर आपटून वर यायचा, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"कुठे उभे होतात?"

"इथे."

"आणि फेकली कुठे?"

"त्या भिंतीच्या बुडाशी. जिथे सावली आहे."

"काय घातलं होतं त्यांनी?"

"निळा शर्ट. तो काढून ठेवला. घड्याळ काढून मला दिलं."

"काय म्हणाले?"

धाकट्याने पाण्याकडे पाहिलं. "म्हणाला, थांब, गाढवा, काढून दाखवतो."

वहिनीने एक आवाज केला. हसणं होतं की काय ते लांबून कळलं नाही.

"मग?"

"बुडी मारली. वर आला, डोकं हलवलं, पुन्हा गेला. दुसऱ्यांदा बराच वेळ लागला. मी हाका मारत होतो. मला पोहता येत नाही, वहिनी, तुम्हाला माहीत आहे. दुपार होती, आसपास चिटपाखरू नव्हतं. मग तो वर आला. पण डोकं वर आलं नाही. नुसता हात आला." धाकट्याने आपला उजवा हात उंच केला. "असा. मूठ मिटलेली. असा धरला, मला दाखवल्यासारखा. आणि खाली गेला."

धाकट्याने हात खाली घेतला.

"मूठ मिटलेली होती," वहिनी म्हणाली.

"हो."

"मी त्यांना बघितलं तेव्हा दोन्ही हात उघडे होते."

"हो."

"म्हणजे सापडली होती त्यांना." तिने मुठीतल्या चावीकडे पाहिलं. "हट्टी माणूस. एकदा काढतो म्हटलं की काढणारच." आणि मग ती खाली बसली, धुळीत, नवऱ्याचा निळा शर्ट जिथे काढून ठेवलेला असेल तिथे, आणि अकरा वर्षांत जी रडली नव्हती ती रडली. मोठ्याने. भिंती तिचं रडणं परत परत पाठवत होत्या. धाकटा दोन पावलांवर उभा होता. जवळ जायचं धाडस झालं नाही, आणि दूर जाणंही जमलं नाही.

सूर्य मावळायच्या आत ते परतले.

सोमवारी करंटताई वहिनीकडून चावी एक दिवसासाठी मागून घेऊन गेली. धंद्याची माणसं अशी गोष्ट सोडून देऊ शकत नाहीत. तिने घरच्या टेबलावर चावीचं डोकं अलगद उघडलं. आतली चिप म्हणजे तांदळाएवढी काचेची नळी. ती तडकलेली होती, आत पाणी आणि गाळ. तिने वाचायच्या तिन्ही यंत्रांवर ती ठेवून बघितली. तिन्ही गप्प. मेलेली चिप होती, आजची नव्हे, कित्येक वर्षांची. अशा चिपेला कुठलीही रिंग ओळखू शकत नाही. शोरूममधल्या जुन्या मैत्रिणीला फोन करून तिने गोल गोल विचारलं. मैत्रीण म्हणाली, "पुसलेल्या चावीने? शक्यच नाही. दारू प्यायलीस का?"

चावी परत देताना तिने वहिनीला हे सगळं सांगितलं. वहिनीने नीट ऐकून घेतलं.

"असू दे," ती म्हणाली.

वहिनीने त्यानंतर धाकट्याला जेवायला वाढणं बंद केलं. पण पोलिसांकडे गेली नाही, गल्लीतही कोणाला काही बोलली नाही. त्याने एकदा तिला विचारलं की मी जाऊन सांगू का सगळ्यांना, तेव्हा ती म्हणाली, "सांगून तुम्ही मोकळे व्हाल. मला काय?" मग दोन महिन्यांनी तिने बहिणीला कळवलं की मी येतेय, राहायलाच.

निघण्याच्या आदल्या दिवशी करंटताईने गाडी तपासून दिली. लांबचा पल्ला होता. हवा, पाणी, ब्रेक, दिवे, सगळं ठीक. सकाळी ती सहज म्हणून निरोप द्यायला गेली तर धाकटा सामान बांधत होता. खोकी, शिलाई मशीन, गाद्या, सगळं त्याने काच बांधतात तसं बांधलं होतं, दोन गोष्टींच्या मधे गोणपाट, कोपऱ्याला कोपरा लागू न देता. वहिनी गाडीत बसली. त्याने खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली. तिने घेतली.

"दुपारी कुठेतरी थांबून खाऊन घ्या," तो म्हणाला.

"तुम्हीही करून खा काहीतरी," ती म्हणाली. "डबा मागवून पोट बिघडवू नका."

तिने कुठली चावी लावली ते करंटताईला दिसलं असतं. ती मुद्दाम दुसरीकडे बघत राहिली. गाडी लगेच लागली, शेडमधून निघाली, कोपऱ्यावर क्षणभर थांबली आणि वळली.

धाकटा रिकाम्या शेडमध्ये उभा होता. फरशीवर टायरांच्या मधे तेलाचा जुना डाग होता, तो बघत होता. मग त्याने करंटताईला विचारलं, "चहा घेणार?" ती हो म्हणाली. तो वर गेला, आणि ती खाली ऐकत राहिली. तो एकेक डबा उघडत होता आणि लावत होता, साखर कुठे ठेवलेली असते ते शोधत.